२०२१ मूळ की संयुक्त? विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्या यांचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. 'अमुक संख्येचे एकूण विभाजक किती', 'खालीलपैकी मूळ संख्या कोणती' असे प्रश्न हमखास येतात. चार अंकी संख्या दिसली की मी २, ३, ५, ७ ने भाग देऊन बघतो आणि नाही गेला की मूळ म्हणून मोकळा होतो. बऱ्याचदा उत्तर चुकतं. विभाजक आणि विभाज्य यांतही घोळ होतो. आणि १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत?"

घोळ आधी मिटवू, तो दोन मिनिटांचा आहे. ४२ ला ७ ने निःशेष भाग जातो, म्हणून ७ हा ४२ चा विभाजक आणि ४२ ही ७ ची विभाज्य. विधान एकच, फक्त बघायची बाजू वेगळी. विभाजक मोजके असतात आणि त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे ती संख्या स्वतः. विभाज्य संख्यांना अंत नाही आणि त्यांतली सर्वांत लहान धन संख्या म्हणजे पुन्हा ती स्वतःच. पाढा म्हणजे विभाज्यांची यादीच की. ० ला कुठल्याही संख्येने भाग जातो, म्हणून ० ही सगळ्यांची विभाज्य. पण ० ने भागताच येत नाही, म्हणून विभाजकांच्या यादीत तो कधी येत नाही.

विभाज्यांवर एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: १०० ते ५०० मध्ये ७ च्या विभाज्य संख्या किती? मोजत बसू नका. ५०० ला ७ ने भागा, भागाकार ७१. आता ९९ ला भागा, भागाकार १४. वजाबाकी ५७. इथे १०० ला न भागता ९९ ला भागायचं, हे लक्षात ठेवा. ७ च्या बाबतीत १०० घेतले तरी उत्तर तेच येईल, पण प्रश्न ५ च्या विभाज्यांचा असला तर खुद्द १०० हातातून निसटेल. परीक्षक तिथेच टपून बसलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. तुमची उत्तरं चुकतात ती पद्धत चुकीची आहे म्हणून नव्हे, तुम्ही लवकर थांबता म्हणून. २, ३, ५, ७ एवढ्यावर थांबणं १२० पर्यंतच्या संख्यांना चालतं. १०० च्या आत तर २, ३ आणि ५ या तिघांच्या तावडीतून सुटणाऱ्या संयुक्त संख्या फक्त तीन आहेत: ४९, ७७ आणि ९१. या तीन पाठ करा आणि १०० पर्यंतचं काम संपलं. ५१, ५७, ८७ या फसव्या दिसतात खऱ्या, पण अंकांची बेरीज केली की ३ ची कसोटी त्यांना लगेच पकडते. ५७ बद्दल एक किस्सा प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञांपैकी एक, अलेक्झांडर ग्रोथेंडिक, यांना व्याख्यानात कुणीतरी म्हणालं, एखादी प्रत्यक्ष मूळ संख्या घेऊन दाखवा. ते म्हणाले, बरं, ५७ घ्या. तेव्हापासून गणितवाले ५७ ला गमतीने 'ग्रोथेंडिक मूळ संख्या' म्हणतात. ५७ म्हणजे ३ × १९.

१२१ पासून मात्र ११ चा अंमल सुरू होतो. २०० च्या आत ७ च्याही चाळणीतून सुटणाऱ्या चार आहेत: १२१, १४३, १६९, १८७. पुढे यादी वाढत जाते आणि पाठांतराला अर्थ राहत नाही. तिथे थांबायचं कुठे हे कळायला हवं.

विभाजक जोडीने येतात. एका संख्येने भाग गेला की भागाकार हा दुसरा विभाजक, न मागता मिळालेला. आता २०२१ घ्या. ४५ चा वर्ग २०२५. जोडीतल्या दोन्ही संख्या ४५ किंवा त्याहून मोठ्या असत्या, तर गुणाकार किमान २०२५ झाला असता. म्हणजे जोडीतली एक तरी संख्या ४५ पेक्षा लहान असणारच. म्हणून ४५ च्या पुढे शोधायची गरज नाही. आणि ४५ च्या अलीकडे शोधणं थांबवायची मुभाही नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग विसरला जातो.

शिवाय सगळ्या संख्यांनी भागायचं नाही, फक्त मूळ संख्यांनी. ६ ने भाग जाणाऱ्या संख्येला २ ने आधीच गेलेला असतो. ४५ पर्यंतच्या मूळ संख्या चौदा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३. चौदा भागाकार फार वाटतील. पण ते लांबलचक भागाकार करायचेच नसतात. जवळपासची ओळखीची विभाज्य संख्या धरायची आणि फरक बघायचा. २००२ म्हणजे २ × ७ × ११ × १३. २०२१ मधून २००२ गेले, उरले १९. १९ ला ७, ११, १३ यांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणून २०२१ लाही जात नाही. एका वजाबाकीत तीन मूळ संख्या निकालात. २००१ म्हणजे ३ × २३ × २९. फरक २०, म्हणजे ३, २३ आणि २९ बाद. १७ साठी २०२३ (७ × १७ × १७), फरक २, बाद. १९ साठी २०१४, फरक ७. ३१ साठी २०१५, फरक ६. ३७ साठी १९९८, फरक २३. ४१ साठी २००९, फरक १२. सगळे बाद. इथवर आलेला विद्यार्थी कंटाळतो आणि 'मूळ' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उरला होता फक्त ४३. आणि ४३ × ४७ = २०२१.

आता तोच खेळ २०२७ वर करा. २००२ पासून फरक २५: ७, ११, १३ बाद. २००१ पासून २६: ३, २३, २९ बाद. २०२३ पासून ४, २०१४ पासून १३, २०१५ पासून १२, १९९८ पासून २९, २००९ पासून १८. शेवटी ४३ साठी आत्ताच मिळालेली २०२१ वापरा, फरक ६. कुणाचाच भाग जात नाही. २ आणि ५ चा प्रश्नच नव्हता. म्हणून २०२७ मूळ आहे, आणि हे अंदाजाने नाही, सिद्ध करून.

दोन्ही संख्या मुद्दाम शेजारच्या घेतल्या, कारण आजकाल मोबाईलवर एक 'शॉर्टकट' फिरतो: संख्या ६ च्या विभाज्यापेक्षा एकने कमी किंवा जास्त असेल तर ती मूळ. हे उलटं आहे. ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या तशी असते, हे खरं. पण तशी असलेली प्रत्येक संख्या मूळ नसते. २५, ३५, ४९ बघा. २०२१ म्हणजे २०२२ वजा १, २०२७ म्हणजे २०२८ वजा १, आणि २०२२, २०२८ दोन्ही ६ च्या विभाज्य. शॉर्टकटच्या नजरेत दोघी सारख्याच. ही कसोटी उमेदवार निवडायला चालते, निकाल द्यायला नाही.

२०२१ साठी आणखी जलद वाट होती. ती ४५ च्या वर्गापेक्षा ४ ने कमी आहे, आणि ४ हाही वर्ग. म्हणजे ४५ × ४५ − २ × २, म्हणजे (४५ − २) × (४५ + २). दोन वर्गांचा फरक म्हणून संख्या लिहून तिचे अवयव पाडायची ही युक्ती सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पण नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त अवयव शोधण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात ही पद्धत आहे. तिची मर्यादाही ओळखा: दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती झटपट उत्तर देते. म्हणून माझा क्रम असा: आधी २, ३, ५ च्या कसोट्या, मग लगेच वरच्या एक-दोन वर्गांतून संख्या वजा करून बघायची, उरलेला वर्ग निघाला तर काम झालं, नाहीतर ७ पासून शिस्तीत वर चढायचं.

कसोट्यांबद्दल थोडं, कारण पुस्तकात त्या असतातच. ७, ११ आणि १३ साठी वेगवेगळ्या कसोट्या पाठ करण्यापेक्षा १००१ = ७ × ११ × १३ हे एक लक्षात ठेवा. मोठी संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडा आणि गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करा. २,३४,९६२ मध्ये गट होतात २३४ आणि ९६२. फरक ७२८. ७२८ ला ७ ने आणि १३ ने भाग जातो, ११ ने जात नाही; दिलेल्या संख्येचंही तेच. इथे आपल्या स्वल्पविरामांनी फसू नका. ते लाख-कोटीच्या हिशेबाने दोन-दोन अंकांवर पडतात, गट मात्र तीनचेच करायचे. दुसरी सावधगिरी जोडकसोट्यांची. ६ साठी २ आणि ३ तपासतात ते चालतं. १२ साठी २ आणि ६ तपासून चालत नाही. १८ ला २ ने जातो, ६ ने जातो, १२ ने जात नाही. तपासायच्या दोन संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे त्यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नको. १२ साठी ३ आणि ४ घ्या.

विभाजकांची संख्या काढायची तर आधी मूळ अवयव पाडायला हवेत. एकदा ते पाडले की त्या संख्येबद्दलचं जवळजवळ प्रत्येक उत्तर त्यातच वाचता येतं. उदाहरणाला आपल्याकडचीच संख्या घेऊ: ६१७४. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांमुळे ती जगाला माहीत झाली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि येईल त्याच्यावर पुन्हा तेच करा; जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येते आणि मग तिथेच अडकते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, म्हणून अशा वजाबाकीला नेहमी ९ ने भाग जातो. तर इथूनच सुरुवात करा: ६१७४ ÷ ९ = ६८६. ६८६ म्हणजे २ × ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७.

तेव्हा ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. एक दुवा, दोन तीन, तीन सत्ते. मोठा सुबक योग आहे.

तिचा कुठलाही विभाजक बनतो तो याच सामानातून. २ घ्यायचा किंवा नाही, असे २ पर्याय. ३ एकही नाही, एक, किंवा दोन, असे ३ पर्याय. ७ शून्य ते तीन, असे ४ पर्याय. २ × ३ × ४ = २४ विभाजक. 'घातांकात एक मिळवून गुणाकार करा' हे सूत्र पाठ असतं, पण तो एक कुठून आला हे माहीत नसतं. 'एकही न घेण्याचा' पर्याय म्हणजे तो एक. हे कळलं की सूत्र वाकवता येतं. विषम विभाजक किती? २ घ्यायचाच नाही, म्हणून ३ × ४ = १२. वर्गसंख्या असलेले विभाजक किती? २ घ्यायचा नाही, ३ शून्य किंवा दोन, ७ शून्य किंवा दोन, म्हणून ४: १, ९, ४९, ४४१. ६१७४ ला लहानात लहान कितीने गुणलं की पूर्ण वर्ग होईल? एकटा पडलेला २ आणि एक जादा ७, यांना जोडीदार द्या, म्हणजे १४ ने. गुणाकार ८६४३६, म्हणजे २९४ चा वर्ग.

विभाजकांची बेरीजही तशीच: (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ७ + ४९ + ३४३) = ३ × १३ × ४०० = १५६००. शेवटच्या कंसातले ४०० हे २० चा वर्ग आहेत, आणि हा योगायोग जुना आहे. ज्या घनसंख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज पूर्ण वर्ग येते अशी संख्या शोधा, असं कोडं फर्माने १६५७ साली घातलं होतं, तेव्हा त्याच्याकडचं उदाहरण ३४३ हेच होतं.

विभाजकांची संख्या हा नुसता परीक्षेचा विषय नाही. जुन्या रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. १९२ मध्ये सहा दुवे आणि एक तीन, म्हणून १४ विभाजक. रुपयाचा तिसरा हिस्सा बरोबर ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, तेही कुणावर अन्याय न होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० चे विभाजक ९, आणि त्यांत ३ नाही. तिघांत रुपया वाटायचा म्हटलं की तेव्हापासून एक पैसा उरतोच. दशमान पद्धतीचे फायदे मोठे आहेत, पण हा तोटा मान्य करायला हवा.

१ ला मूळ का म्हणत नाहीत? मूळ संख्येचे विभाजक बरोबर दोन हवेत, १ चा एकच आहे, हे पुस्तकी उत्तर. खरं कारण वरच्या फोडीत आहे. ६१७४ ची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते, क्रम सोडला तर. १ ला मूळ मानलं तर तिच्यापुढे × १, × १ × १ असं कितीही लावता येईल आणि फोड एकमेव राहणार नाही. मग प्रत्येक नियमात '१ सोडून' असं शेपूट लावावं लागेल. ही व्याख्या सोयीसाठी केलेली आहे, आणि पूर्वी सगळे ती पाळत नव्हते. गोल्डबाख या गणितज्ञाने १७४२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात १ ला मूळ धरलं आहे. परीक्षेत मात्र १ ना मूळ, ना संयुक्त. आणि २ सम असूनही मूळ आहे. 'सर्व मूळ संख्या विषम असतात' हे विधान दरवर्षी कुठे ना कुठे पर्यायांत दिसतं.

मसावि, म्हणजे दोन संख्यांचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक, काढायला मूळ अवयव पाडावेच लागतात असं नाही. ११४७ आणि ८९९ घ्या, दोन्हींचे अवयव चटकन दिसत नाहीत. मोठीला लहानीने भागा: बाकी २४८. ८९९ ला २४८ ने भागा: बाकी १५५. पुढे बाक्या ९३, ६२, ३१, आणि ६२ ला ३१ ने पूर्ण भाग. मसावि ३१. आणि आता बोनस म्हणून अवयवही हातात आले: ३१ × ३७ आणि ३१ × २९. युक्लिडची म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत, आणि आर्यभटाच्या (इ.स. ४९९) कुट्टकाच्या, म्हणजे पूर्णांकांत उत्तर हवं असलेली समीकरणं सोडवायच्या रीतीच्या, मुळाशीही हाच एकामागून एक भागाकार आहे. लसावि, म्हणजे सर्वांत लहान सामाईक विभाज्य, मग सोपा: दोन्ही संख्यांचा गुणाकार भागिले मसावि. हे फक्त दोन संख्यांना लागू आहे. २, ४, ६ यांचा मसावि २, लसावि १२, त्यांचा गुणाकार २४; आणि तिन्ही संख्यांचा गुणाकार ४८. तीन संख्यांना हे सूत्र लावून गुण घालवणारे मी दर बॅचला बघतो.

खूप मोठ्या संख्यांचं काय, असं कुतूहल असेल तर एवढं सांगतो: संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की येणारी संख्या संयुक्त आहे, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये एकही अवयव न सांगता दाखवलं. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. मोठ्या संख्येचे अवयव नेहमीच्या संगणकावर तशाच वेगाने पाडायची रीत मात्र अजून कुणाला सापडलेली नाही, आणि इंटरनेटवरच्या व्यवहारांची बरीचशी कुलपं याच अडचणीवर उभी आहेत.

सरावाला तीन संख्या देतो: १५११, १५१७, १५१९. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. एक मूळ आहे, एक वर्गांच्या फरकाने दोन ओळींत सुटते, आणि एक तुमच्या नेहमीच्या चार भागाकारांतच सापडते. १५११ ते १५१९ या सगळ्यांना वर्गमूळाची मर्यादा एकच आहे, ३८. तेव्हा ३७ पर्यंत जा, ३१ वर थांबू नका.